मोरीतून गेलेली निळी रेघ

रूपा सरकटेला पोलीस व्हायचं होतं. मेडशीच्या हमरस्त्यावर पळायला जाणाऱ्या पोरींमध्ये ती सगळ्यांत पुढे असायची. पण भरतीत उंची मोजायच्या पट्टीखाली ती दोनदा उभी राहिली आणि दोन्ही वेळा थोडक्यात बाहेर पडली. पुन्हा फॉर्म निघाले तेव्हा तिचे वडील पंजाबराव म्हणाले, "आता हाडं काई लांबत नाई बाई. शिकाले जाय."

पंजाबराव एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. नोकरीपायी वाशीमला खोली करून राहायचे आणि सुटीला गावी यायचे. रूपाची आई ती अगदी लहान असताना गेली. तिला वाढवलं आत्यानं, दुर्गाबाईनं. दुर्गाबाई नवऱ्यामागं माहेरी परत आली ती भावाची लेक आणि स्वतःचा मुलगा रवी, दोघांना एकाच ताटात जेवू घालत राहिली.

त्यांचं गाव सावळदरी, मेडशीहून आत फुटणाऱ्या रस्त्यावर आहे. पाठीशी लांबट टेकडी, टेकडीच्या पायथ्याला बौद्ध वस्ती, वस्तीच्या कडेनं एक नाला. नाला खाली येऊन रस्त्याला अडतो आणि रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडं नदीकडं जातो. वर्षातले बरेच महिने तो कोरडाच. लहानपणी रूपा आणि रवी त्या मोरीतून रांगत या बाजूनं त्या बाजूला निघायचे. दुर्गाबाईचं घर नाल्याकडचं शेवटचं.

रूपा अमरावतीला भूगोलाच्या एम.एस्सी.ला गेली. त्यात रिमोट सेन्सिंग हा विषय होता, म्हणजे विमानातून, उपग्रहातून, ड्रोनमधून जमिनीची चित्रं घ्यायची आणि ती वाचायची. पहिल्याच महिन्यात वीरेंद्र सरांनी तिला एका यंत्राशी बसवलं. थोड्या अंतरावरून घेतलेले दोन हवाई फोटो शेजारी ठेवायचे आणि वरून भिंगातून पाहायचं. एक डोळा एक फोटो बघतो, दुसरा डोळा दुसरा. रूपानं पाहिलं आणि कागदावरची सपाट टेकडी एकदम वर उठली. तिनं दचकून हात मागं घेतला. सगळे हसले.

पुढच्या खेपेला तिच्याकडून फोटोंची अदलाबदल झाली. आता टेकडीच्या जागी खोल खड्डा होता आणि नाले जमिनीवर शिरांसारखे फुगून आले होते. तिनं डोळे भिंगावरून उचलले.

"उलटं दिसतंय ना?" सर म्हणाले. "डोळ्याला जे द्याल ते तो खरं मानतो. तुम्ही काय ठेवलंय ते आधी बघा."

प्रकल्पासाठी प्रत्येकानं आपापल्या भागाची चित्रं घ्यायची होती. रूपानं सावळदरी घेतली. मागच्या काही वर्षांची, हिवाळ्यातली, ढग नसलेली उपग्रह-चित्रं तिनं एकाखाली एक लावली. वस्तीतून टेकडी जशी दिसते तशीच तिला माहीत होती, साऱ्या गावाला माहीत होती: गवताची, मधूनमधून पळस, माथ्यावर मोठा दगड. चित्रात मात्र टेकडीच्या मागच्या अंगाला फिकट तांबूस डाग होता. पहिल्या वर्षी बोटाच्या पेरानं झाकेल एवढा. नंतर रुंद. नंतर माथ्याला भिडलेला. शेवटच्या चित्रात टेकडी पुढून शाबूत आणि मागून खाल्लेली होती. मधे नुसती पातळ भिंत उरली होती, आणि त्या भिंतीलाही एका जागी खाच होती.

रूपानं रवीला फोन लावला. रवी गावातल्या बबनरावांच्या मुरमाच्या खदानीवर टिप्पर चालवायचा.

"ते व्हय?" रवी म्हणाला. "बबनरावनं खिंड पाडली यंदा. रस्त्याच्या कामाले मुरूम जाते ना, तिकून फेरा लय पडे. आता टिप्पर सरळ खाली उतरते."

"अन् वरचं पानी?"

"कोन्तं पानी?"

टेकडीमागच्या माळाचं पाणी आजवर पलीकडच्या दरीत उतरायचं, मधे टेकडी होती म्हणून. आता टेकडीला दार पडलं होतं आणि दाराचं तोंड वस्तीकडं होतं. रूपानं रवीला हे फोनवर समजावून सांगितलं.

मे महिन्यात सर आणि ती कॉलेजचं ड्रोन घेऊन सावळदरीला आले. तापलेल्या आभाळात ड्रोन टेकडीवरून रेघा मारल्यासारखं जात-येत राहिलं. पोरंसोरं, बाया, म्हातारे बघायला जमले. थोड्या वेळानं मोटरसायकलवरून दोन माणसं आली. ती गर्दीत मिसळली नाहीत. गाडी चालू ठेवूनच त्यातल्या एकानं सरांना विचारलं, "कोनाले इचारून उडवून राह्यले हे?"

सरांनी परवानगी दाखवली. त्यानं ती नीट पाहिली, परत दिली आणि दुर्गाबाईच्या घराकडं एकवार बघून दोघं निघून गेले.

अमरावतीला परतल्यावर शेकडो फोटो जोडून संगणकात टेकडीचा, नाल्याचा, रस्त्याचा उंचसखलपणा उभा राहिला. त्यावर पाणी सोडून बघता येतं. पाणी उताराला जातं आणि संगणक त्याची निळी रेघ काढतो. रूपानं खिंडीच्या वर पाणी सोडलं. रेघ खिंडीतून उतरली, नाल्यात आली, दुर्गाबाईच्या अंगणावरून गेली आणि रस्त्यापाशी येऊन थांबली. तिथं निळं तळं साचलं.

"हे खोटं तळं," सर म्हणाले. "ड्रोनला वरचं दिसतं, खालचं नाही. मोरी त्याला दिसत नाही, म्हणून रस्ता त्याला भिंत वाटतो. मोरी आहे ना तिथं?"

"आहे सर. आम्ही त्यातून रांगत जायचो."

"मग हातानं कापा. रस्त्यातून पाण्याला वाट करून द्या."

रूपानं माउस धरला आणि रस्त्याच्या आरपार छोटी रेघ ओढली. तळं गेलं. पाणी मोरीतून निघालं आणि नदीला मिळालं. तळ्याखाली जे बुडालं होतं ते कोरडं झालं. त्यात वस्तीचं समाजमंदिरही होतं, रस्त्याला लागून, चांगल्या चौथऱ्यावर बांधलेलं. रूपानं त्याच्याभोवती हिरवा गोल काढला. पाऊस वाढला तर माणसांनी इथं जमायचं.

जूनमध्ये तो नकाशा घेऊन ती गावी आली. ग्रामसभेत भिंतीवर लावून तिनं सगळं समजावलं. लोकांनी ऐकलं, काहींनी आपापली घरं शोधून बोट ठेवलं. बबनरावही आले होते. ते सगळ्यांत मागं बसले आणि शेवटी उठले.

"पोरगी हुशार हाये," ते म्हणाले. "नकाशा बी बराबर असंन. पन पानी पडंन तवा पाहू ना आपन. आतापासून लेकराबाळायले कायले भेव दाखवता?"

दोनचार जण हसले. बबनरावांच्या टिप्परवर, पोकलेनवर वस्तीतलीच पोरं कामाला होती. खिंड बुजवायचा विषय तिथंच बसला. पंजाबरावांनी तहसीलला अर्ज दिला. पाहणी होईल, असं उत्तर आलं.

अमरावतीला परत जायला रूपा रस्त्यावर एसटीची वाट बघत उभी होती तेव्हा बबनरावांची जीप येऊन थांबली. काच खाली झाली.

"बस, मेडशीपावतर सोडतो."

"नाही, एसटी येतेच आहे."

"तुह्या आत्याचं घर त्या शेवटाले ना, नाल्यापाशी?" बबनराव मायेनं बोलावं तसं बोलत होते. "मातीच्या भिती हायेत तिच्या. जपाले सांग तिले."

जीप गेली. एसटी येईपर्यंत रूपा उन्हात उभी राहिली. पायाखाली मोरीच होती. पण तिचं लक्ष जीप गेली त्या वळणावर होतं.

दुर्गाबाई घर सोडायला तयार नव्हती. "पानी अंगनातून जाईन त जाऊ दे. घराचं जोतं केवढं हाये पाह्य." रूपानं फोनवर रडून, भांडून तिच्याकडून कबूल करून घेतलं, की मोठा पाऊस लागला तर ती समाजमंदिरात जाईल. शेजारची पिंकी, जिचा नवरा कामाला पुण्याला होता, तीही लेकराला घेऊन तिच्यासोबत जाणार होती.

जुलै कोरडा गेला. ऑगस्टचा अर्धाअधिक तसाच. सोयाबीन माना टाकायला लागलं आणि लोक नकाशा विसरले. उलट पाऊस का पडत नाही म्हणून आभाळाकडं बघू लागले. मग पोळ्याच्या आधी झड लागली. टेकडीमागचा माळ पाणी पिऊन फुगला. खदानीत पाणी साचल्यानं काम बंद पडलं.

झडीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी रूपा प्रयोगशाळेत होती. पावसाच्या रडारचं चित्र तिनं सकाळपासून उघडं ठेवलं होतं. ढग कुठं आहे आणि त्यात पाणी किती आहे ते त्यात रंगांनी दिसतं. मेडशीजवळच्या मालेगावच्या वर पिवळं होतं ते तांबडं झालं, तांबड्याच्या मधे सगळ्यांत जोराच्या पावसाचं जांभळं आलं, आणि ते पुढं सरकेना. तिनं फोन लावला.

"आत्या, मंदिरात जा. आत्ताच्या आत्ता."

"अवं, अंधारून आलं नुसतं. भाकर तव्यावर हाये."

"राहू दे भाकर!"

"जातो बाई, जातो. एवढी उतरवतो अन् जातो. पिंकीले हाक मारून राह्यली ना मी. तू जेवली काय?"

एवढंच बोलणं झालं.

पुढचं वस्तीनं डोळ्यांनी पाहिलं. टेकडीकडून आधी आवाज आला, रिकामे टिप्पर एकामागून एक खडबडत उतरावेत तसा. मग खिंडीतून तांबडं पाणी खाली आलं. ते नाल्यात मावलं नाही. दुर्गाबाईच्या अंगणातून गेलं, न्हाणीची भिंत पाडली, चुलीचं सरपण नेलं. घराच्या जोत्याला लागून गेलं, पण घरात शिरलं नाही. रेघ जिथून काढली होती तिथूनच ते आलं.

ते रस्त्याला येऊन भिडलं आणि थांबलं.

समाजमंदिरात दुर्गाबाई, पिंकी आणि लेकरू एवढीच होती, बाकीचे रस्त्यावर पळाले होते. बाहेर पाणी चौथऱ्याला लागलं तेव्हा पिंकी म्हणाली, "आत्याबाई, हे उतरून नाई राह्यलं." दुर्गाबाईनं दारातून पाहिलं. समोर नाला नव्हता, वावर नव्हतं, सगळं एकच तांबडं तळं होतं, आणि ते वर चढत होतं. पाणी आत आलं. गुडघ्याला लागलं तसं दुर्गाबाईनं ठरवलं, की इथं थांबायचं नाही. रस्ता उंच होता आणि जवळ होता. तिथं माणसं उभी राहून ओरडत होती.

पिंकी लेकराला खांद्यावर घेऊन पुढं, दुर्गाबाई तिचा पदर धरून मागं. पाणी कमरेच्या वर आलं. वरून कुणीतरी दोर टाकला. पिंकीनं तो धरला, लोकांनी आधी लेकरू ओढून घेतलं, मग तिला. ती मागं वळली तेव्हा तिचा पदर मोकळा होता.

रवी बंद खदानीवर टिप्परपाशी होता, तिथून पळत आला. आई कुठं आहे ते त्याला कुणी सांगितलं नाही, पण तोंडं बघूनच त्याला कळलं. रस्त्याच्या कामावरचा पोकलेन वळणापाशी उभा होता. त्यानं तो चालू केला, आणला आणि रस्ता खोदायला सुरुवात केली. कुणी त्याला अडवलं नाही. रस्ता फुटला तसं तळं गडगडत पलीकडं गेलं. पाणी ओसरल्यावर दुर्गाबाई सापडली. मोरीच्या तोंडाशी. मोरी मुरमानं गच्च भरलेली होती.

अंत्ययात्रेला मेडशी, मालेगावहून लोक आले. येणारा प्रत्येक जण रूपाला म्हणत होता, "पोरी, तू सांगतलं होतं. तुहा नकाशा खरा झाला." बाया तिला पोटाशी धरत होत्या. तिला समाजमंदिराच्या भिंतीवरचा ओल चढलेला पट्टा दिसत होता. दुर्गाबाई तिथं उभी राहिली असती तर तो तिच्या डोक्याच्या वर गेला असता. आणि पलीकडं तिचं घर होतं, आत कोरडं. तव्यावर भाकर तशीच.

विधी आटोपल्यावर ती अमरावतीला गेली आणि मे महिन्यातला ड्रोनचा फोटो मोठा करून पाहिला. रस्त्याच्या कडेला मोरीपाशी तांबूस ढीग होता. तो तिनं तेव्हाही पाहिला होता, रस्त्याच्या कामाचा माल समजून सोडून दिला होता. ढिगाची सावली मोरीच्या तोंडावर पडली होती. तिनं आणखी मोठं केलं. ती सावली नव्हती. ढीगच तिथपर्यंत गेला होता.

गावी परत आल्यावर तिनं रवीला ओट्यावर बसवून सांगितलं. "रवी, मोरी मी कापली. म्हणजे संगणकात. पाणी जाईल असं मी दाखवलं. आत्याला मी तिथं पाठवलं."

रवी ओट्यावरून खाली उतरला.

"मोरीच्या तोंडाशी मुरूम मी टाकला," तो म्हणाला. "बबनरावनं सांगतलं, रस्त्याचे लोक मंग उचलतीन, आता रिकामा कर तठी. केला रिकामा. तू फोन केला तवा बी ध्यानात नाई आलं. तू मोरीचं इचारलंच नाई ना मले."

"नाही विचारलं."

"इचारलं असतं त सांगतलं असतं."

दोघंही रडले नाहीत. आत पंजाबराव जागे होते, त्यांनी सगळं ऐकलं.

चौकशी लागली. वाशीमहून अधिकारी येणार, नकाशा तपासणार असं कळलं. गावातल्या जाणत्या माणसांनी रूपाला समजावलं. खिंडीतून पाणी येईल असं नकाशात होतं आणि ते आलं, तेवढंच दाखव. मोरीचं काही बोलू नको. बबनरावांच्या वकिलाला तेवढंच हवं असणार. नकाशा एका जागी चुकला म्हटलं की तो सगळाच खोटा ठरवतील. ते खरंही होतं, आणि रूपाला ते कळत होतं. ती उठून वडिलांकडं गेली.

"बाबा, काय करू?"

पंजाबराव चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले होते. दुर्गाबाई त्यांची धाकटी बहीण. "गाडी ठोकली का आमाले इचारत," ते म्हणाले, "की ब्रेक तू तपासले होते काय. कोनी म्हने हो सांग, कोनी म्हने नाई सांग. जे केलं ते सांगाचं. दुसरं सांगतलं असतं त त्या गाडीखाली मले पुन्यांदा निजता आलं नसतं."

रूपानं चौकशीत सगळं सांगितलं. मागून खाल्लेली टेकडी दाखवली, वर्षावर्षाची चित्रं ठेवली, खिंड दाखवली. मग हिरवा गोल दाखवला आणि म्हणाली, "ही जागा मी सुरक्षित सांगितली. मोरी उघडी आहे असं मी धरलं. जाऊन पाहिली नाही." रवीनं उठून मुरूम कुणाच्या सांगण्यावरून टाकला ते सांगितलं. वकील काही लिहीत होता आणि त्याच्या तोंडावर बारीक हसू होतं.

जाणत्या माणसांनी सांगितलं होतं तसंच झालं. नकाशा पुरावा म्हणून कच्चा ठरला आणि रवीच्या सांगण्याला दुसरा साक्षीदार निघाला नाही. खदान काही महिने बंद राहिली. खिंडीच्या तोंडाशी दगडांचा बांध घातला गेला, तो किती टिकेल हे कुणी सांगत नाही. गावातल्या काही जणांनी रूपाशी बोलणं सोडलं, कारण तिच्यामुळं बबनराव सुटले. पिंकी मात्र पोराला घेऊन तिच्याकडं येते, बसते, उठून जाते. दोघी दुर्गाबाईचं नाव काढत नाहीत. रवीनं टिप्पर सोडला. रस्ता तोडल्याचा खटला त्याच्यावर अजून चालू आहे. तारखेला तो आणि पंजाबराव सोबत जातात.

रूपानं एम.एस्सी. पुरी केली. पुण्याच्या एका कंपनीत चित्रं वाचायची नोकरी मिळत होती, ती तिनं घेतली नाही. वाशीमला खोलीत बसून ती जिल्ह्याच्या टेकड्यांची चित्रं बघत असते. शिकवण्या घेते आणि उरलेल्या वेळात हे काम करते.

या फेब्रुवारीत मानोऱ्याकडच्या एका टेकडीमागं तिला नखाएवढा फिकट ठिपका दिसला. मागच्या वर्षी तो नव्हता. टेकडीच्या पुढं तांडा आहे, पंचवीस-तीस घरांचा. ती पोहरादेवीच्या एसटीनं निघाली, फाट्यावर उतरली आणि चालत तांड्यावर गेली. बाभळीखाली खाटेवर एक म्हातारा बसला होता. नाव देवला. कोण, कुठली, कुणाची पाहुणी, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, आणि म्हणाली, "बाबा, तुमचा नाला मले दाखवता काय? उगमापासून खालपर्यंत, चालत."

"आता? या उनात?"

"आताच."

देवलानं काठी घेतली. दोघं नाल्यात उतरले. तळाशी तांबूस चिखल वाळून भेगा पडलेल्या होत्या. देवला वाकून त्याकडं बघत राहिला, कारण तांड्याकडची सगळी माती काळी आहे. मग टेकडीपलीकडून जड गाडी चढावर गिअर बदलते तसा आवाज आला, आणि थांबला, आणि पुन्हा आला.